शोधयंत्रांचे बदलते स्वरूप आणि येवल्याचा पैठणी-व्यवसाय

पैठणी घ्यावयाची तर येवल्यास जावे, असा महाराष्ट्रातील घरोघरचा जुना रिवाज आहे. लग्न ठरले की वडीलधारी मंडळी मनमाडच्या किंवा कोपरगावच्या वाटेने येवल्यात उतरत, चार दुकाने पाहत, घासाघीस करीत आणि सायंकाळपर्यंत खरेदी उरकून परतत. हा रिवाज हौसेचा वाटला, तरी त्यामागे एक आर्थिक तत्त्व आहे. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात ग्राहकाने विक्रेता शोधणे ही क्रियाच खर्चाची असते, हा मुद्दा त्यांनी प्रथम नीट मांडला. एकाच मालाचे विक्रेते एका ठिकाणी गोळा होतात, याचे एक कारण हा खर्च कमी व्हावा हे असते, असे त्यांनी मध्ययुगीन बाजारपेठांचा दाखला देऊन दाखविले. येवला गाव या अर्थाने पैठणीपुरते एक शोधयंत्रच होते. गावाचे नाव ठाऊक असले की पुढचा शोध पायी करता येत असे.

गेल्या पंचवीस वर्षांत हा शोध पायांकडून बोटांकडे आला. आता तर तो बोटांकडूनही सुटून, प्रश्न विचारताच तयार उत्तर देणाऱ्या यंत्राकडे जाऊ लागला आहे. या स्थित्यंतरात येवल्यातील लहान दुकानदार आणि विणकर यांचे काय होते, आणि त्यांनी काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचा विचार करताना पैठणी ही वस्तू कोणत्या जातीची आहे, हे आधी पाहिले पाहिजे. कारण सर्व मालांवर शोधयंत्राचा परिणाम सारखा होत नाही.

काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वी पाहून कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो, आणि काही वस्तू अशा असतात की त्यांचा दर्जा वापरूनही सामान्य ग्राहकास निश्चितपणे कळत नाही. या तिसऱ्या प्रकाराकडे मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ साली लक्ष वेधले. त्यांना विश्वासाधिष्ठित वस्तू म्हणता येईल. हातमागावरची पैठणी बहुतांशी या तिसऱ्या प्रकारात मोडते. रेशीम अस्सल आहे काय, जर कोणती आहे, पदरावरचा मोर हाताने एकेक रंगाचा धागा गुंतवून विणला आहे की यंत्रमागावर झरझर उठविला आहे, हे नेसणारीस वर्षानुवर्षे नेसूनही कळेलच असे नाही. म्हणूनच येवल्याच्या दुकानदाराचे खरे भांडवल कपाटातील मालाइतकेच त्याच्या बोलण्यात असे. गादीवर पैठणी उलगडून तो पदराची पाठ दाखवी. ही एकधोटी, ही कडियल, असा भेद सांगे. काठ नारळी आहे की मुनिया, बुट्टी कोणती, मागावर किती दिवस गेले, याची माहिती देई. ग्राहकाचा विश्वास या संभाषणात तयार होई. शोधयंत्राच्या युगात नेमके हे संभाषणच गळून पडते. पुढील सर्व विवेचनाचा रोख या एका गोष्टीकडे आहे.

शोधयंत्राच्या पहिल्या अवस्थेत प्रश्न स्थानाचा होता. सर्गी ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली जी पद्धत मांडली, तिचे मूळ विद्यापीठीय वाचकांस परिचित असलेल्या एका कल्पनेत आहे. ज्या निबंधाचा इतर निबंधांत अधिक उल्लेख होतो तो महत्त्वाचा, या न्यायाने ज्या पानाकडे इतर पाने अधिक दुवे देतात ते पान महत्त्वाचे, असे त्यांनी धरले. ही पद्धत कल्पक होती. परंतु प्रतिष्ठेचे माप दुव्यांनी होते असे कळताच दुवे विकले जाऊ लागले, आणि शब्दांची वारंवारता मोजली जाते असे कळताच एकाच पानावर ‘पैठणी’ हा शब्द पन्नास वेळा कोंबण्याचा धंदा सुरू झाला. गूगलने २०११ च्या फेब्रुवारीत निकृष्ट मजकुराची पाने खाली ढकलणारा बदल केला, २०१२ च्या एप्रिलमध्ये कृत्रिम दुव्यांवर कुऱ्हाड चालविली, आणि २०१९ च्या अखेरीस शब्दांपेक्षा वाक्याचा आशय समजून घेणारी रीत अनेक भाषांच्या शोधास लागू केली. या सर्व सुधारणांची दिशा एकच होती: यंत्रास फसविण्यासाठी लिहिलेला मजकूर निरुपयोगी व्हावा आणि माणसास उपयोगी पडणारा मजकूर वर यावा. ती दिशा नेहमीच साधली असे नाही. तरीही शोधयंत्राच्या ‘युक्त्या’ विकत घेण्यात लहान दुकानदाराने खर्चिलेला पैसा काही वर्षांतच मातीमोल होतो, एवढे या इतिहासावरून निश्चित दिसते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे. तरीही अशी हमी देणारे दलाल तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेले आहेत.

येवल्याच्या दृष्टीने शब्दांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व अंतराला आहे. नकाशावर दुकाने दाखविताना शोधयंत्र तीन गोष्टी पाहते: विचारलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध, विचारणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाची ख्याती. पुण्यात बसून ‘जवळचे पैठणीचे दुकान’ असा शोध घेणाऱ्यास पुण्याचीच दुकाने दिसणार. त्या स्पर्धेत येवल्याच्या दुकानदाराने उतरणे व्यर्थ होय. याउलट, मनमाडहून शिर्डीस निघालेला यात्रेकरू येवल्यावरूनच जातो, आणि त्याच्या हातात मोबाइल असतो. त्याने वाटेत तोच प्रश्न विचारला, तर अंतर येवल्याच्या बाजूने कौल देते. या ग्राहकासाठी लांबलचक मजकूर नको. दुकानाची नकाशावरील खूण अचूक जागी असावी, जुन्या गावातील बोळाची नीट ओळख द्यावी, उघडण्याची व बंद होण्याची वेळ खरी असावी, आणि साप्ताहिक सुटी नोंदलेली असावी, इतकेच पुरते. व्यवसायाची ही नोंद विनामूल्य करता येते. २०१४ साली सुरू झालेली ही सोय २०२१ पासून ‘बिझनेस प्रोफाइल’ या नावाने चालते. इतकी साधी गोष्ट असूनही ती चुकते, कारण दुकानदार ती एकदा भरतो आणि विसरतो. दारावर कुलूप पाहून परतलेला यात्रेकरू पुढच्या गावातून अभिप्राय लिहितो, आणि तो अभिप्राय कुलपापेक्षा जास्त काळ टिकतो.

दूरच्या ग्राहकाची गोष्ट निराळी. तो गाव पाहून नव्हे, तर नाव पाहून येतो. आणि येवल्याचे नावच मुळी शोधयंत्रास गोंधळात टाकणारे आहे. देवनागरीत ‘येवला’ आणि ‘येवले’ ही दोन्ही रूपे चालतात. ‘येवल्याची’, ‘येवल्यातील’ अशी सामान्यरूपे आणखी वेगळी. रोमन लिपीत तर हे नाव ‘व’ गाळून आणि ‘व’ घालून अशा निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिले जाते. त्यात भर अशी की, या गावाचा इतिहास लहान नाही. तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणून, तसेच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली ते स्थळ म्हणून येवल्याचा शोध घेणारे पुष्कळ असतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत राजकीय वृत्तांचा ढीग यावर चढतो. यंत्राने यातून पैठणीच्या शोधकाची इच्छा ओळखावी, यासाठी दुकानदाराने आपल्या पानावर, नोंदीत आणि पावतीवर गावाच्या नावाचे एकच रूप सातत्याने वापरावे आणि इतर प्रचलित रूपे मजकुरात एकदा सहज येऊ द्यावीत. शोधयंत्रे आता समानार्थी रूपे बऱ्याच अंशी ओळखतात. परंतु लहान गावांच्या नावांबाबत व मराठी सामान्यरूपांबाबत त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

येथपर्यंतचा बदल जुन्या चौकटीतला होता. यंत्र वाट दाखवी, ग्राहक चालत जाई. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले आणि चौकटच बदलू लागली. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत दुव्यांच्या यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश देण्यास आरंभ केला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ही सोय भारतात इंग्रजी व हिंदी भाषांत आली. आता ग्राहक ‘खरी पैठणी कशी ओळखावी व तिची किंमत काय’ असे विचारतो, आणि दहा दुव्यांऐवजी एक परिच्छेद त्याच्यापुढे येतो. तो परिच्छेद वाचून पुष्कळ जण तेथेच थांबतात. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधील वापराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सारांश दिसला असता १०० पैकी ८ भेटींत, आणि सारांश नसता १०० पैकी १५ भेटींत वाचकाने खालच्या दुव्यावर जाणे पसंत केल्याचे आढळले. सारांशात दिलेल्या दुव्यावर जाणारे तर शंभरात एखादे. ही आकडेवारी परदेशातील आहे आणि ती येवल्यास जशीच्या तशी लावता येणार नाही. परंतु प्रवाहाची दिशा तीवरून कळते.

यावरून वृत्तपत्रे व माहितीची संकेतस्थळे चिंतित झाली, ते योग्यच आहे, कारण वाचकाची भेट हेच त्यांचे उत्पन्न. विणकराचे तसे नाही. त्याच्या पानावर कोणी आले नाही म्हणून त्याचे थेट नुकसान होत नाही. साडी विकली गेली नाही तरच होते. त्याची खरी हानी दुसरीकडे आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. सारांश रचणारे यंत्र जाळ्यावरील मजकूर गोळा करून त्याची सरासरी काढल्यासारखे बोलते. जाळ्यावर ‘पैठणी’ या एकाच शब्दाखाली हातमागावर महिनोन्महिने विणलेले वस्त्रही विकले जाते आणि यंत्रमागावर थोड्या वेळात तयार झालेले, रेशमाचा अंश असो वा नसो, असे कापडही विकले जाते. दुसऱ्या प्रकारची पाने संख्येने अधिक आहेत. अशा स्थितीत किमतीचा प्रश्न विचारला असता दोहोंचे दर एकाच पट्ट्यात मिसळण्याचा धोका उघड आहे; आणि तो पट्टा मनात धरून आलेला ग्राहक हातमागाची किंमत ऐकून दुकानदारास लबाड समजतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते की, खरेदीदारास चांगला व वाईट माल ओळखता आला नाही, तर तो सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीस चांगला माल परवडत नाही, आणि तो बाजारातून निघून जातो. येवल्यात ‘निघून जाणे’ याचा अर्थ माग उचलला जाणे असा होतो. विणकराचा मुलगा खड्ड्याच्या मागावर बसावयाचे नाकारतो, त्याला जी अनेक कारणे आहेत, त्यांत हे एक नवे कारण मिळण्याची भीती आहे.

यावर उपाय म्हणून यंत्रास दोष देत बसण्याने काही साधणार नाही. यंत्र जे लिहिलेले आहे तेच सांगते. आणि हातमाग व यंत्रमाग यांतील भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तो आजवर फारसा लिहिलेलाच नाही, बोलून दाखविला आहे. गादीवरचे ते संभाषण आता लेखी उतरले पाहिजे. उदाहरणार्थ, एकधोटी विणीत बाणा एकाच धोट्याने भरला जातो, तर कडियलमध्ये तीन धोटे चालतात आणि काठाचा ताणा व बाणा एकाच रंगाचा राहून अंगाचा रंग निराळा ठेवता येतो. कोणत्याही विणकरास हे सांगावयास अर्धे मिनिट लागते. पण ‘ही साडी कडियल आहे, काठ अमुक, पदरावर बांगडी-मोर, मागावर इतके दिवस, विणकर येवल्याचाच’ असे प्रत्येक नगाखाली लिहिणारी पाने विरळाच. ‘सुंदर, आकर्षक, पारंपरिक’ ही विशेषणे मात्र सर्वत्र सापडतात. आणि ती यंत्रमागाच्या कापडाखालीही सापडत असल्याने त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. प्रश्नाला नेमके उत्तर देणारे वाक्य यंत्र उचलते. विशेषणांत उचलण्यासारखे काही नसते.

छायाचित्रांचेही असेच आहे. छायाचित्र दाखवून वस्तू शोधण्याची सोय झाली, आणि लग्नसमारंभात पाहिलेल्या पैठणीचे छायाचित्र घेऊन तशीच साडी शोधणे सहज शक्य झाले. हे यंत्र रंग व आकृती जुळविते. समोरून पाहता हातमागाचा मोर आणि यंत्रमागाचा मोर त्यास सारखेच. भेद असतो तो पाठीवर. परंपरागत पद्धतीने विणलेल्या पदराची आकृती दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. जॅकार्डने उठविलेल्या आकृतीच्या मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे: हातमागावरही जॅकार्ड जोडता येतो, म्हणून पाठीवरचे धागे पाहून कापड यंत्रमागाचेच असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तथापि प्रत्येक साडीच्या पदराची पुढची व मागची अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी देण्याचा प्रघात येवल्यातील व्यापाऱ्यांनी पाडला, तर ग्राहकाची नजर तयार होईल. आणि पाठ न दाखविणारा विक्रेता आपोआप संशयास पात्र होईल.

एकट्या दुकानदाराच्या शब्दास मात्र मर्यादा आहे, कारण खोटे लिहिणाराही हेच शब्द उचलू शकतो. म्हणून तिऱ्हाईताची साक्ष लागते. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ २००४ पासून, हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ २००६ पासून उपलब्ध आहे. आणि पैठणीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात एक तरतूद आहे, तिचा येथे फार उपयोग आहे. मानांकन समूहाचे असले, तरी त्याचा वापर करणाऱ्या उत्पादकास ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःच्या नावाने नोंद करता येते. ही नोंद सरकारी दप्तरात असते, ती पडताळता येते, आणि पडताळता येणारी गोष्ट माणसाच्या व यंत्राच्या दोहोंच्या उपयोगी पडते. ‘आमची पैठणी अस्सल’ असे लिहिण्यापेक्षा नोंदणी क्रमांक लिहिणे कितीतरी श्रेयस्कर. ग्राहकांच्या अभिप्रायांबाबतही हाच न्याय. खोटे अभिप्राय विकत घेण्याचा मोह टाळावा, हे नीतीचे झाले. व्यवहाराचे असे की, ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली मानक ठरविले असून अशा गोष्टींवरील नजर कडक होत चालली आहे. साडी पोचल्यावर ग्राहकास केवळ तारे न मागता ‘पाठ पाहिलीत काय, काठ कसा वाटला’ असे विचारले, तर उत्तरातही तपशील येतो.

बाकीच्या साधनांविषयी थोडक्यात सांगता येईल. मोठ्या विक्रीमंचांवर मालाची यादी लावणे सोपे असते, परंतु तेथील अंतर्गत शोधात किमतीची तुलना प्रधान असल्याने हातमागाची वस्तू तेथे आधीच अवघडलेली असते. इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप यांवर येवल्यातील तरुण पिढी अधिक रमते, आणि मागावरचे चलत्‌चित्र शंभर वाक्यांचे काम करते, हे खरे. पण चित्राखाली दोन ओळींचा मजकूर नसेल, तर शोधयंत्रास त्यातून फारसे काही हाती लागत नाही.

आता अधिक कठीण प्रश्न. वरील सर्व उपाय ज्याच्या नावाने दुकान आहे त्याच्या उपयोगाचे आहेत. येवल्यात अनेक विणकर व्यापाऱ्याकडून रेशीम व जर घेऊन मजुरीवर विणतात. सुताची ने-आण, रंगकाम आणि विक्री व्यापाऱ्याकडे. विणकराचे नाव साडीवर नसते आणि पानावरही नसते. व्यापारी या व्यवस्थेत भांडवलाची जोखीम उचलतो हे मान्य केले, तरी शोधयंत्रातील ख्याती हे नवे भांडवल संपूर्णपणे त्याच्याच खाती जमा होते. ‘विणकर कोण’ हे साडीखाली लिहिणे ग्राहकाच्या विश्वासासाठी हितकर असते, पण व्यापाऱ्यास ते धोक्याचे वाटते. उद्या ग्राहक थेट विणकराकडे जाईल, ही शंका निराधार नाही. यातून वाट काढावयाची, तर विणकरांच्या सहकारी संस्थांनी एक सामाईक नोंदपुस्तक जाळ्यावर ठेवावे, त्यात विणकराचे नाव त्याच्या संमतीने, विणीचा प्रकार आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असल्यास तिचा क्रमांक द्यावा, आणि व्यापाऱ्यांनी आपल्या पानांवरून त्याकडे दुवा द्यावा, ही योजना करून पाहण्यासारखी आहे. एकट्या विणकरास मागावरून उठून पान सांभाळणे परवडत नाही. तेवढा वेळ बुट्टी भरण्यात घालविला तर निदान मजुरी तरी पदरी पडते.

या विषयाची पाहणी करणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस अवघड नाही आणि तीस खर्चही फारसा येणार नाही. पैठणीसंबंधी वीस प्रश्न ठरवावेत. तेच प्रश्न मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांत, येवला, नाशिक, पुणे व मुंबई या चार ठिकाणांहून, दर महिन्याच्या एकाच दिवशी विचारावेत. आणि आलेल्या उत्तरांत हातमाग व यंत्रमाग हा भेद सांगितला जातो काय, किमतीचा पट्टा कोणता दिला जातो, आणि आधार म्हणून कोणाची पाने घेतली जातात, हे तक्त्यात भरावे. त्याच महिन्यात येवल्यातील काही दुकानांत येणाऱ्या ग्राहकांस ‘किती किंमत मनात धरून आलात’ एवढाच एक प्रश्न विचारला, तर दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहता येतील.